बिनचुलीचे तीन दिवस

भागीरथीबाईंनी देवाकडे आजवर पुष्कळ मागितलं होतं, पण स्वतःसाठी असं काही नाही. सोमवार श्यामसुंदररावांच्या बढतीसाठी, गुरुवार सुभाषच्या गणितासाठी, शनिवारचं मारुतीचं तेल घरादाराच्या साडेसातीसाठी, आणि चतुर्थी सर्वसाधारण, म्हणजे त्या महिन्यात ज्याचं अडलं असेल त्याच्यासाठी. बढती आली नव्हती. गणित होतं तिथेच होतं. साडेसातीने साडेसात वर्षं कधीच ओलांडली होती. पण भागीरथीबाई देवाला बोल लावत नसत. देवाने तरी काय करावं, पुढे आलेला माल कसा आहे हेही पाहावं लागतं.

नवऱ्याकडे मात्र अकरा वर्षांत त्यांनी एकदाच काही मागितलं. तेही मे महिन्यात एका दुपारी श्यामसुंदरराव आपण होऊन म्हणाले म्हणून.

"पोरांना सुट्टी आहे. पुण्याला जाऊ या तीन दिवस. खर्चही फार नाही. मी सगळा विचार केलाय."

"जाऊ या," भागीरथीबाई तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या. "माझं एकच म्हणणं आहे. ते तीन दिवस मी स्टोव्ह पेटवणार नाही."

"एवढंच ना? अगं, तू नुसती बसून राहायचंस," श्यामसुंदरराव बसल्या बसल्या म्हणाले. "जरा तूप वाढ."

जुन्या बायकांचं एक बरं होतं. महिन्यातून चार दिवस त्यांना बाहेर बसायला मिळायचं. बेलापूरच्या सरकारी वसाहतीतल्या दीड खोलीत बाहेर म्हणजे जिना, आणि जिन्यात तळमजल्यावरच्या रावसाहेबांची सायकल. तेव्हा तीन दिवस चुलीकडे पाठ, या एका आशेवर भागीरथीबाई पुण्याला निघणार होत्या. शनिवारवाडा पाहायचा राहिला असता तरी त्यांचं काही अडलं नसतं.

श्यामसुंदरराव पाटकर वसाहतीसमोरच्याच इमारतीत एका खात्याच्या आवक-जावक विभागात कनिष्ठ लिपिक होते. खात्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही; खात्यातल्या निम्म्या लोकांनाही ते पूर्ण सांगता येत नसे. बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारून तो आत पाठवायचा, आतून आलेल्यावर शिक्का मारून तो बाहेर, हे त्यांचं काम. ते करताना त्यांची मुद्रा अशी असे, की राज्याचा गाडा त्या शिक्क्याच्या मुठीवर फिरतोय. पाकिटं रोजच्या रोज टपालात टाकली तर शिस्त राहत नाही, असा शोध त्यांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लावला होता. तेव्हापासून जावक पाकिटं त्यांच्या लोखंडी कपाटात साठायची आणि दर शुक्रवारी पिशवीत भरून जायची. कपाटाची किल्ली एकच, आणि ती श्यामसुंदररावांच्या करदोट्याला.

खात्याचं पुण्यात एक विश्रामगृह होतं. कर्मचाऱ्याला तिथे जवळजवळ फुकटात राहता येई. फक्त अर्ज करावा लागे. श्यामसुंदररावांनी अर्ज केला. तो योग्य मार्गाने जायला हवा म्हणून त्यांनी टेबलाच्या या बाजूला उभं राहून तो दिला, मग त्या बाजूला जाऊन बसून घेतला, आवक शिक्का मारला आणि स्वतःला पोच दिली. ती पोच त्यांनी घरी आणून भागीरथीबाईंना दाखवली.

"तुम्हीच तुम्हाला दिलीत?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"खात्याने दिली," श्यामसुंदरराव म्हणाले. "तो मी नव्हे."

अर्ज तीन टेबलं फिरून साहेबांकडे पोचायला बारा दिवस लागले. एका सोमवारी साहेबांनी सही केली. त्याच शुक्रवारी पाटकर मंडळी निघणार होती. साहेब चांगले होते. म्हणाले, "पाटकर, हा कागद आता हातातच घेऊन जा, म्हणजे झालं."

श्यामसुंदरराव दुखावले. "साहेब, जावक क्रमांकाशिवाय कागद कार्यालयाबाहेर गेला तर उद्या लोक काय म्हणतील? मी खात्यात आहे म्हणून खातं माझ्या खिशात नाही."

एक प्रत पुण्याच्या विश्रामगृहाला, एक प्रत अर्जदारास माहितीसाठी. दोन्ही पाकिटं त्यांनी स्वतः चिकटवली, दोन्हींवर स्वतः पत्ते लिहिले. अर्जदाराच्या पाकिटावर स्वतःच्या घराचा पत्ता लिहिताना खिडकीतून त्यांना समोर ते घर दिसत होतं आणि गॅलरीत भागीरथीबाई त्यांचेच सदरे वाळत घालत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दोन्ही पाकिटं कपाटात गेली.

इकडे घरी रावसाहेबांनी सूत्रं हातात घेतली होती. रावसाहेब मूळचे बीडकडचे, लेखा शाखेत. एकाहत्तर साली अक्कलदाढ काढायला ते पुण्याला जाऊन आले होते, तेव्हापासून वसाहतीत पुण्याबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा.

"वहिनी, तिथं हाटेलात खाऊ नका बरं का. मी खाल्लं, तीन दिवस तोंड उघडता आलं नाही."

"दाढ काढली होती ना तुमची?" भागीरथीबाई हळूच म्हणाल्या.

"ती सकाळी काढली. त्रास जेवल्यावर झाला," रावसाहेब म्हणाले. "पाटकर, माझं ऐका. लेकरं बरोबर आहेत. आपला स्टोव्ह घ्या, आपलं पीठमीठ घ्या. वहिनींच्या हाताला चव आहे, उगं बाहेरचं कशाला?"

श्यामसुंदररावांनी मान डोलवली. बायकोच्या कष्टांबद्दल दोन पुरुषांचं किती चटकन एकमत होतं, हे भागीरथीबाईंनी पोथ्यांतूनही वाचलं होतं. मंगळवारी स्टोव्ह पिशवीत गेला. बुधवारी त्याच्या मागोमाग पिन, काकडा आणि रॉकेलची बाटली. गुरुवारी त्यांचा उपास होता, त्या दिवशी तांदूळ, तूरडाळ, दोन शेर बटाटे, पोळपाट, लाटणं आणि मसाल्याचा डबा निघाला. आपलं स्वयंपाकघर एकेक पाऊल टाकत पिशव्यांतून पुण्याला निघालंय आणि आपण त्याच्या मागून चाललोय, असं त्यांना दिसत होतं.

"अहो, आपलं काय ठरलं होतं?"

"नुसतं बरोबर असू दे गं," श्यामसुंदरराव पिशवीचे बंद आवळत म्हणाले. "पेटवायचा कुठे म्हणतोय मी?"

जवळच्या दिवाळे कोळीवाड्यातून गोजरा मासळी घेऊन यायची. भागीरथीबाईंच्या उपासांचं वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा तिला पक्कं ठाऊक. वार चुकून ती कधी पाटी उतरवत नसे. गुरुवारी ती रिकाम्या पाटीने परतताना पाणी प्यायला वर आली आणि दारातला ढीग पाहून उभी राहिली.

"बाय, पुन्याला फिराला चाल्लीस का नांदाला चाल्लीस? कवरा सामान हाय ह्यो!"

"तीन दिवसांचं आहे गं."

"तीन दिसांला लाटना?" गोजराने कपाळाला हात लावला. "मंग तू हितंच ऱ्हा ना. लाटना हितं पन हाय, नवरा पन हाय. येस्टीचा भारा तरी वाचल."

भागीरथीबाईंनी तिला पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला. वसाहतीत खरं बोलणारं माणूस आठवड्यातून तीनदाच यायचं, तेही मासळी घेऊन.

शुक्रवारी पहाटे फाट्यावर पुण्याची गाडी मिळाली. पनवेलच्या अलीकडेच कंडक्टर नाक वर करून गाडीत फिरायला लागला आणि पाटकरांच्या बाकापाशी थांबला.

"रॉकेल कुणाचंय?"

श्यामसुंदररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. सहा वर्षांची बेबी म्हणाली, "आमचंय. बाबांच्या पायाखाली आहे."

"चालायचं नाही. खाली ओता, नाहीतर तुम्ही उतरा."

"हे शिधापत्रिकेवरचं आहे," श्यामसुंदरराव ताठ होत म्हणाले, जणू त्यामुळे ते पेट घेणार नव्हतं. गाडीतल्या चाळीस जणांनी आपापली मतं दिली. अखेर पनवेलला एका चहावाल्याला बाटली देऊन टाकावी लागली. चहावाल्याने बदल्यात चहाही विचारला नाही, याचं दुःख त्यांना खंडाळ्यापर्यंत पुरलं. भागीरथीबाईंनी मात्र घाट चढताना डोळे मिटून हात जोडले. शेजारच्या बाईला वाटलं, घाटाला भिऊन. देव ऐकतो, फक्त त्याची माणसं कोणत्या खात्यात असतील सांगता येत नाही. यंदा कंडक्टर होता.

विश्रामगृह छान होतं. बसका बंगला, पुढे जास्वंदी, रुंद ओसरी. ओसरीवर पंढरी नावाचा चौकीदार किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसला होता.

"पत्र?"

"आलं असेल की तुमच्याकडे," श्यामसुंदरराव म्हणाले.

"नाय आलं."

"आज-उद्या येईल."

"मंग खोली पन आज-उद्या देतो," पंढरी म्हणाला.

"अहो, मी खात्यातलाच आहे! पाटकर, आवक-जावक, बेलापूर!"

"सायेब, समदे असंच म्हनत्यात. कागदाबिगर मला कसं कळावं?"

हे वाक्य श्यामसुंदररावांचंच होतं. अकरा वर्षं त्यांनी ते येईल त्याला ऐकवलं होतं. म्हाताऱ्यांना, विधवांना, एकदा तर जमीन गेलेल्या एका शेतकऱ्याला चार वेळा. इतक्या दुरून ते इतक्या शुद्ध स्वरूपात परत आलेलं पाहून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आदरच उमटला. मग ते वळकटीवर बसून बोटं मोजायला लागले. सोमवारी सही झाली. म्हणजे आदल्या शुक्रवारची पिशवी हुकली. म्हणजे पाकीट आजच्या पिशवीत. आज पिशवी कोण नेणार? पाटकर. पाटकर कुठे आहेत?

त्यांचा हात सावकाश करदोट्याकडे गेला. किल्ली तिथेच होती.

नऊ वर्षांच्या सुभाषने सगळं पाहिलं. "बाबा, म्हणजे पत्र तुमच्याच कपाटात आहे?"

"तू तुझं गणित बघ."

"गणितच केलं मी," सुभाष म्हणाला.

भागीरथीबाईंनी मनातल्या मनात गुरुवारची नोंद घेतली. उपास अगदीच वाया गेला नव्हता.

पंढरीला लेकरांची दया आली असावी. किंवा दुसरं काही. तो खाकरला. "सायेब, एक तोड हाय. आमचा खानसामा भाचीच्या हळदीला गावी गेलाय, रविवारपतुर यायचा नाय. आन आज सांच्याला चार मोठे सायेब येत्यात. तपासनीला."

तपासणी शनिवार-रविवारी करायची असते, कारण त्या दिवशी तपासायला कार्यालय उघडं नसतं.

"बाईंनी त्येंच्यापुरता सैपाक बघितला, तर मागली खोली मी उघडून देतो. रविवारपतुर. मंग कागद येवो न येवो."

श्यामसुंदरराव ताडकन उठले. इतक्या उत्साहाने ते बढतीच्या मुलाखतीलाही उठले नव्हते. "एवढंच ना? अरे, आमच्या हिच्या हातची आमटी म्हणजे काय सांगू तुला! सणावारी वीस-वीस पानं एकटी उठवते. चार म्हणजे हिच्या हातचा मळ!"

आपल्या आमटीबद्दल नवऱ्याचं असं मत आहे, हे भागीरथीबाईंना लग्नानंतर अकरा वर्षांनी, पुण्यात, जास्वंदीच्या झुडपापाशी उभं असताना कळलं, तेही ते एका चौकीदाराला सांगत होते म्हणून. आवाज चढवणं त्यांना जमत नसे, आणि चढवून उपयोग झालेला त्यांनी कुणाच्या घरी पाहिला नव्हता. त्या ओसरीच्या कडेच्या नळावर गेल्या. हातपाय धुतले, पदर खांद्यावरून घेतला, पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उजव्या तळहातावर पाणी घेतलं, ओठ हलले आणि पाणी त्यांनी तुळशीच्या कुंडीत सोडलं.

श्यामसुंदररावांचा चेहरा उतरला. हे दृश्य त्यांच्या ओळखीचं होतं. "अगं, हे काय केलंस?"

"संकल्प सोडला. रविवारी सूर्यास्तापर्यंत विस्तवाला हात लावायचा नाही."

"आत्ता? इथे? व्रताला तिथी लागते, मुहूर्त लागतो!"

"शुक्रवार आहे. देवीचा वार."

"कुठल्या पोथीत आहे हे व्रत?"

"पोथीत नाही. मी तोंडी सांगितलं. देवाकडे आवक-जावक नसतं, थेट पोचतं."

श्यामसुंदररावांनी पंढरीकडे पाठ केली आणि आवाज उतरवला. "हे बघ, अडचणीचा प्रसंग आहे. मोडलं एखादं तर तो समजून घेईल."

"मोडते की," भागीरथीबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "पण मोडल्या व्रताचं आधीच्या व्रतांना लागतं म्हणतात. माझे सोमवार तुमच्या बढतीसाठी आहेत. तुम्ही सांगाल तसं."

श्यामसुंदररावांनी जास्वंदीकडे पाहिलं, चार पिशव्यांकडे पाहिलं, उन्हात तापलेल्या लेकरांकडे पाहिलं. बायकोच्या व्रतांचा त्यांना मोठा अभिमान. वसाहतीत पाण्याची टाकी आणि भागीरथीबाईंचे उपास या दोन गोष्टी ते पाहुण्यांना आवर्जून दाखवत. आपल्या हिने कधी व्रत मोडलं नाही, हे त्यांनीच शंभर जणांना सांगितलं होतं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

"पंढरी," ते घसा साफ करून म्हणाले, "मिसळणाचा डबा आमच्याकडे आहे."

संध्याकाळी विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरातून जे आवाज आले ते स्वयंपाकाचे आहेत हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. बेलापूरहून आणलेले बटाटे पंढरीने चिरले. बाकीचं पाटकरांनी. भागीरथीबाई ओसरीवर आरामखुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर बेबी, हातात जपमाळ.

"अगं, मोहरी आधी की हिंग?"

"मोहरी."

"ती उडतेय!"

"उडायलाच हवी."

"तोंडावर उडतेय!"

"मग तोंड बाजूला घ्या," भागीरथीबाईंनी पुढचा मणी ओढला. सांगायला व्रताची हरकत नव्हती.

भात खालून करपला, वरून कच्चा राहिला. मधला थर मात्र बरा निघाला, तो साहेबांना वाढला. चार साहेब टेबलाशी बसले. त्यांतल्या सर्वांत जाड साहेबांनी आमटीत पळी फिरवली.

"डाळ कुठे आहे हो यात?"

"तळाशी आहे साहेब," श्यामसुंदरराव म्हणाले. कपाळावर मोहरीएवढे तीन फोड आले होते.

"तुम्ही नवे खानसामे का?"

इथे कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. पण श्यामसुंदररावांचा ताठा अशा वेळी हटकून जागा व्हायचा. "नाही साहेब. कनिष्ठ लिपिक, आवक-जावक, बेलापूर."

साहेबांनी पळी खाली ठेवली. "बेलापूर? अहो, तुमच्या कार्यालयाकडून मला वर्षभरात एकही पत्र वेळेवर आलेलं नाही!" त्यांनी आमटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "आता उलगडा झाला. एक माणूस दोन कामं करतोय. असू दे, सकाळी पोहे करा. कांदा जरा जास्त."

शनिवारी श्यामसुंदरराव पोहे करत असताना भागीरथीबाई दोन्ही लेकरांना घेऊन बाहेर पडल्या. मारुतीला तेल घातलं. पेशवे पार्कात मुलांच्या आगगाडीत बसल्या. बेबीच्या हट्टाने एकदा, सुभाषच्या हट्टाने एकदा, आणि तिसऱ्यांदा कुणीच हट्ट केला नव्हता. सारसबागेबाहेर त्यांनी दोन भेळा घेऊन तिघांत खाल्ल्या. दोन द्रोण संपले तेव्हा त्यांनी तिसरी सांगितली. कुणाचं तोंड बंद झालं नाही. रावसाहेबांना सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, कशाला, माणसाकडे एक तरी विषय राहू द्यावा. दुपारी त्या परतल्या तेव्हा ओसरीवर शनिवारवाड्याची इंग्रजांच्या आधीची आणि नंतरची सगळी हकीकत श्यामसुंदरराव पंढरीला सांगत बसले होते. मुलांना सांगायची म्हणून त्यांनी ती महिनाभर वाचून ठेवली होती. पंढरी कांदे सोलत ऐकत होता. शनिवारवाडा तिथून चालत अर्ध्या तासावर होता, पण साहेबांनी चार वाजता भजी सांगितली होती.

रविवारी सकाळी तपासणी संपली. साहेबांच्या गाड्या गेल्या. जाताना जाड साहेबांनी पंढरीच्या हाती दोनाची नोट दिली आणि हळूच नव्हे, चांगलं मोठ्याने म्हणाले, "ही त्या आचाऱ्याला." श्यामसुंदरराव स्वयंपाकघराच्या दारात ओला पंचा खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांनी नोट घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "हे कोणत्या नावाखाली दिलं म्हणाले?" पंढरीला प्रश्न कळला नाही. नोट बेबीने घेतली.

गाडीला वेळ होता. निघण्याआधीचं शेवटचं जेवण राहिलं होतं, आणि सूर्य अजून डोक्यावर होता. श्यामसुंदरराव कुणी न सांगता आत गेले. या वेळी मोहरी विचारली नाही. पाऊण तासाने ते भाताचं पातेलं दोन्ही हातांनी धरून बाहेर आले आणि म्हणाले, "बसा."

भागीरथीबाई साहेबांच्या टेबलाशी बसल्या, दोन बाजूंना दोन लेकरं. त्यांच्या ताटात वाफेचा भात पडला. त्यावर आमटी. डाळ या वेळी तळाशी गेली नव्हती. आपण सगळ्यांबरोबर बसलोय आणि ताटातलं अन्न गरम आहे, हे दोन्ही एकाच वेळी शेवटचं कधी झालं होतं, ते त्यांना आठवेना. माहेरी कधीतरी. त्यांनी डोळे मिटून श्लोक म्हटला, चित्राहुती घातल्या आणि पहिला घास घेतला. श्यामसुंदरराव समोरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. साहेबांकडेही त्यांनी इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

"कसं झालंय?"

भागीरथीबाईंनी घास गिळला.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "अहो, जरा मीठ आणता?"

श्यामसुंदरराव नुकतेच टेकले होते. भात कालवून झाला होता, पहिला घास हातात होता. तो त्यांनी ताटात ठेवला, हात झटकला आणि ते उठले. आत डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज यायला लागले. भागीरथीबाईंनी वळून पाहिलं नाही. भात गरम होता. ते येईपर्यंत त्यांनी आणखी दोन घास घेतले.